कॉम्प्युटरला दारातूनच नमस्कार

आमच्या शाळेत सहा कॉम्प्युटर होते आणि ते सहाही सोवळ्यात होते.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. भाईंदर पश्चिमेच्या जुन्या वस्तीतली आमची मराठी शाळा, मी तिथली विज्ञानाची बाई. कुठल्याशा दानशूर गृहस्थांनी शाळेला कॉम्प्युटर दिले, त्यांचा हार-तुऱ्यांचा समारंभ झाला, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लागलं. शिवणकामाच्या बाईंनी मुलींकडून सगळ्या यंत्रांना गुलाबी सॅटिनची झबली शिवून घेतली. मॉनिटरला वेगळं, सीपीयूच्या डब्याला वेगळं, कीबोर्डला वेगळं. कोपऱ्यात कशिद्याचं एकेक फूल. उंदराएवढ्या माउसलासुद्धा टोपडं होतं. शिपाईकाका शनिवारी आत जाऊन धूळ झटकायचे आणि परत कुलूप घालून किल्ली मोठ्या बाईंच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. रत्नागिरीकडच्या, शिस्तीच्या, आणि कायम अ‍ॅसिडिटीची गोळी चघळणाऱ्या. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपलाही काहीतरी गुन्हा असावा असं वाटायचं.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, ती खोली सताड उघडायची. शिपाईकाका सहाही कॉम्प्युटरना झेंडूच्या माळा घालायचे, हळद-कुंकू वाहायचे, नारळ फोडायचे. मग एकेक वर्ग रांगेने व्हरांड्यातून जायचा. मुलं चपला काढून उंबरठ्याशी थांबायची, हात जोडायची, पेढ्याचा तुकडा घ्यायची आणि पुढे सरकायची. आत जायचं नाही. असे तीन दसरे झाले.

स्टाफरूममध्ये या विषयावर सर्वांत जास्त तोंड कोणाचं चालायचं, तर माझं. ‘‘अहो, कॉम्प्युटर आहेत की देवघर?’’ असं मी डबा खाताना रोज म्हणायचे. मोठ्या बाईंची नक्कल करायचे: ‘‘बिघडलं म्हणजे काय करायचं, सांगा बघू?’’ सगळ्याजणी पोट धरून हसायच्या. मला मोठं समाधान वाटायचं, जणू काही मी क्रांतीच करून डबा बंद केला.

आठवीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. खाडीकडच्या गावातून चालत यायची, बांध्याने काटक, दोन घट्ट वेण्या. बोलताना घरची भाषा सुटायची, मग जीभ चावून पुस्तकी बोलायची. त्या तिसऱ्या दसऱ्याला उंबरठ्यावरून हटेचना. मी मागून हलकेच ढकललं, तर वळून म्हणाली, ‘‘बाई, आम्ही धावी पास होऊन जाऊ, तवर ही खोली उघडंल का?’’

मी तिला आणखी एक पेढा दिला.

आणि त्याच महिन्यात परिपत्रक आलं. ‘शिक्षणात तंत्रज्ञान’ अशी एक दिवसाची परिषद. ठिकाण, घोडबंदरजवळ हायवेवरच्या एका हॉटेलचा हॉल. प्रत्येक शाळेने एक शिक्षक पाठवावा, आणि निवडक शाळांनी विद्यार्थ्यांसह दहा मिनिटांचं सादरीकरण करावं. निवडक शाळांत आमचं नाव होतं. का, तर आमच्याकडे कॉम्प्युटर आहेत हे त्या समारंभाच्या फोटोंमुळे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या बाईंनी मला बोलावलं. ‘‘तुम्ही मीरा रोडला राहता, तुम्हाला जवळ पडेल. शिवाय तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे.’’

सर्टिफिकेट होतं खरं. शिक्षकांना तेव्हा कॉम्प्युटरचा एक कोर्स करावाच लागायचा. मी प्रश्नसंच पाठ केला होता आणि उत्तम गुणांनी पास झाले होते. त्याची फ्रेम आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेली होती. मी मोठ्या रुबाबात ‘‘हो हो, करते की’’ म्हणाले.

वर्गात जाऊन पाच मुलं निवडली. त्यांत ती वेण्यांवाली होतीच. आणि मग, कोण जाणे काय अंगात आलं, मी त्या पाचजणांना सांगून टाकलं, ‘‘पाठ चांगला झाला, तर मी तुम्हाला त्या खोलीत नेईन. आत. हात लावायला.’’

पाच चेहरे असे उजळले की शब्द मागे घ्यायची सोयच उरली नाही. आणि किल्ली माझी नव्हती, मी कोणालाही विचारलेलं नव्हतं.

सादरीकरणाला स्लाइड लागणार होत्या. माझ्या घरी कॉम्प्युटर नव्हता. पण आमच्या पूनम सागर वसाहतीत, आमच्याच मजल्यावर समोर एक गुजराती भाभी राहायच्या, त्या घरबसल्या लग्नपत्रिकांचं काम करायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कॉम्प्युटर होता; एका हाताने ठेपले लाटायचे आणि दुसऱ्या हाताने ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ टाइप करायचं, अशी त्यांची पद्धत. मी विज्ञानाचं पुस्तक घेऊन गेले.

‘‘भाभी, पाँच स्लाइड चाहिए. पहली हमारे मोठ्या बाईंचा फोटो, मतलब हेडमिस्ट्रेस का. फिर जठर, हृदय, फुफ्फुस और मेंदू.’’

‘‘मेंदू मतलब?’’

मी डोक्यावर टिचकी मारून दाखवलं.

‘‘अच्छा, भेजा! हो जाएगा टीचर, टेन्शन मत लो.’’

दोन दिवसांनी त्यांनी मला पाचही स्लाइड दाखवल्या. जठराच्या भोवती मोरांची किनार होती. हृदयाच्या चारी कोपऱ्यांत आंब्याची पानं आणि कलश. फुफ्फुसांच्या वर सनई-चौघडा. मोठ्या बाईंच्या फोटोला तर अशी काही सोनेरी महिरप केली होती की खाली मुहूर्त आणि विवाहस्थळ एवढंच लिहायचं राहिलं होतं. मी म्हटलं, ‘‘भाभी, ये थोडा ज्यादा नहीं हो गया?’’ त्या म्हणाल्या, ‘‘सादा-सादा कौन देखेगा?’’ मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर जठर इतकं देखणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग तालीम सुरू झाली. आता आमच्या पेशातली एक गोष्ट सांगायला हवी. शाळेत तपासणीला साहेब येतात तेव्हा जो पाठ होतो, तो पाठ नसतो, नाटक असतं. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं, हात वर करणारा ठरलेला. मी वीस वर्षं असेच पाठ बसवत आले होते आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यातला पहिला नियम: पाहुण्यांकडे पाठ करायची नाही. फळ्याकडे वळून बोलणाऱ्या मुलाला मी तालमीतच कान धरून सरळ करायचे.

परिषदेचा पाठही तसाच बसवला. शाळेत पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, कॉम्प्युटर सॅटिनमध्ये. म्हणून रिकाम्या भिंतीला पाठ करून पाचहीजणांना ओळीत उभं केलं. पहिला बोलला की मी टेबलावर पट्टी वाजवायची, टक्. म्हणजे पुढची स्लाइड आली. मग दुसरा. टक्, तिसरा. शेवटी मेंदू, तो त्या वेण्यांवालीला दिला होता, आणि मग सर्वांनी मिळून ‘धन्यवाद’. आठ दिवस, मधल्या सुट्टीत, टक् टक् टक् टक्. पोरं झोपेतही न चुकता म्हणाली असती. बाकीच्या बाया म्हणायच्या, ‘‘किती मेहनत घेताय!’’ मी म्हणायचे, ‘‘खोली उघडून घ्यायची आहे मला.’’ पण हे मी हळू आवाजात म्हणायचे.

परिषदेच्या दिवशी सकाळी निघता निघता भाभींनी दार वाजवलं आणि सीडी हातात दिली. पाकीट लग्नपत्रिकेचं, कोपऱ्याला हळदीचं बोट. ‘‘ऑल द बेस्ट टीचर. मैंने थोड़ा अपनी तरफ से भी डाला है,’’ असं काहीसं त्या म्हणाल्या. मला वाटलं, आणखी दोन मोर टाकले असतील. लिफ्ट आली होती, मी धावले.

हॉल म्हणजे लग्नाचा हॉल होता. वधूवरांचं लाल मखमली सिंहासन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. खुर्च्यांना सॅटिनचे झगे आणि मागे फुगीर बो. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. प्रवेशालाच प्रत्येकाला एक पिशवी मिळाली: फाइल, पेन, वही आणि छातीवर लावायचा बिल्ला. शिक्षकमंडळींनी आधी पेन चालतं का ते पाहिलं, मग नाश्ता कुठे आहे ते पाहिलं. मोठ्या बाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. मोतिया रंगाची नवी साडी, हातात पर्स, पर्समध्ये गोळ्या. आपला फोटो मोठ्या पडद्यावर येणार हे त्यांना मीच मोठ्या मानभावीपणे सांगून ठेवलं होतं.

सकाळभर भाषणं झाली. टाय लावलेले एक तज्ज्ञ होते, तेच सूत्रसंचालन करत होते. मराठी बोलायचे, पण एका वाक्यात मराठी शब्द दोनच यायचे. ‘‘टीचर आता टीचर नाही, टीचर आता फॅसिलिटेटर आहे,’’ असं त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी पेपर तपासता तपासता मान वर केली आणि विचारलं, ‘‘म्हणजे कामं वाढणार की कमी होणार?’’ मी म्हटलं, ‘‘वाढणार.’’ त्यांनी मान खाली घातली आणि पुढचा पेपर काढला. मग एका मोठ्या पांढऱ्या फळ्यावर बोटाने रेघ ओढून दाखवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या खडूने ओढलेल्या रेघांवर आजवर कोणी टाळी वाजवली नाही, असंही मला वाटून गेलं.

जेवणाच्या आधी आमचा नंबर लागला. मी कॉम्प्युटर चालवणाऱ्या ताईंना सीडी दिली आणि समजावलं, पहिली स्लाइड लावून ठेवा, मी पट्टी वाजवली की पुढची. मुलं पडद्याकडे पाठ करून ओळीत उभी राहिली, तालमीत राहायची तशीच. मीही त्यांच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून. मागे पडद्यावर उजेड पडला. मी खणखणीत आवाजात विचारलं, ‘‘मुलांनो, चित्रात आपल्याला कोण दिसत आहे?’’

पहिला मुलगा तीरासारखा सुटला: ‘‘या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. याच आमचे प्रेरणास्थान आहेत. यांच्या आशीर्वादानेच आमचे प्रत्येक कार्य सुरू होते.’’

हॉलमध्ये खसखस पिकली, मग टाळ्या. मला वाटलं, वा! सुरुवात झकास. टक्.

दुसरी मुलगी म्हणाली, ‘‘हे जठर आहे. यात रोज तीव्र आम्ल तयार होते. ते बाहेर आल्यास जळजळ होते.’’

हशा असा काही उसळला की झुंबरं हलली असतील. मी पाहिलं तर मोठ्या बाई ताठ बसलेल्या, चेहरा लालबुंद. मला वाटलं, अभिमानाने. शेजारचं कोणीतरी रुमालाने डोळे पुसत होतं. इतका रंगलेला पाठ माझ्या हातून कधी झाला नव्हता. मला चेव आला. मी पट्टी जोरात वाजवली.

तिसरा म्हणाला, ‘‘हे हृदय. प्रेम, दया वगैरे भावना यात असतात असे पूर्वी मानले जाई.’’ टक्. चौथा म्हणाला, ‘‘ही फुफ्फुसे. ही दोन असतात.’’ टक्. वेण्यांवाली म्हणाली, ‘‘हा मेंदू. याच्यामुळे मनुष्य इतर प्राण्यांपेक्षा वेगळा ठरतो.’’ मग सगळ्यांनी एका सुरात ‘धन्यवाद’ म्हटलं आणि मी मोठ्या ऐटीत हात उंचावून पडद्याकडे वळले.

पडद्यावर सनई-चौघड्याखाली दोन फुफ्फुसं होती.

मला काही उमगेना. तज्ज्ञ जवळ आले, त्यांचे डोळे पाणावले होते. ‘‘मॅडम, यू आर वन स्लाइड बिहाइंड,’’ असं म्हणून त्यांनी ताईंना सगळ्या स्लाइड मागे न्यायला सांगितलं. फुफ्फुसं गेली, हृदय गेलं, जठर गेलं, सोनेरी महिरपीतल्या मोठ्या बाई गेल्या, आणि सर्वांत आधी आले ते गणपती. तांबडी किनार, दोन्हीकडे समया, खाली ‘श्री गणेशाय नमः’. भाभींनी आपल्या तरफसे हे टाकलं होतं. शुभकार्य आणि पहिल्या पानावर गणपती नाही, असं त्यांच्या हातून कधी झालंच नव्हतं. आणि आमच्या हातून स्लाइड बघून बोलणं कधी झालं नव्हतं.

म्हणजे मुलाने गणपतीला मुख्याध्यापिका म्हटलं होतं. मोठ्या बाईंच्या फोटोला जठर म्हटलं होतं. आणि आमचा मेंदू शेवटपर्यंत पडद्यावर आलाच नव्हता.

तरी मी हसले असते, निभावूनही नेलं असतं, कारण हॉल आमच्यावर खूश होता. पण तज्ज्ञ भले गृहस्थ. मुलांना बरं वाटावं म्हणून ते वेण्यांवालीसमोर वाकले आणि माइक तिच्या तोंडाशी धरला. ‘‘नो प्रॉब्लेम बेटा, असं होतं. तू मला सांग, शाळेत कॉम्प्युटरवर तू काय काय करतेस?’’

हा प्रश्न तालमीत नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टी छातीशी धरून उभी. मग ती आपल्या घरच्या भाषेत बोलली.

‘‘पाया पडते.’’

‘‘सॉरी?’’

‘‘दसऱ्याला. शिपाईकाका हार घालतात, हळद-कुकू लावतात. आम्ही दारातनं पाया पडतो.’’

‘‘आणि मग आत जाऊन?’’

‘‘आत न्हाय जायाचं. चपला काडल्या तरी न्हाय.’’ ती थांबली. मग तिला वाटलं असावं, आपण शाळेला कमीपणा आणतोय, म्हणून घाईघाईने म्हणाली, ‘‘पण आज पाठ चांगला झाला तर बाई आम्हाला आत नेणार हायत. हात लावायला.’’

आता कोणी हसलं नाही. तज्ज्ञांनी माइक खाली घेतला. शंभर-दीडशे शिक्षक माझ्याकडे बघत होते आणि त्यांतल्या अर्ध्यांच्या शाळेत अशीच एक बंद खोली असावी, कारण ते लगेच दुसरीकडे बघायला लागले. मला लाज वाटली. जठराची नाही, गणपतीचीही नाही. त्या पोरीने भर सभेत माझा शब्द वाचून दाखवला होता आणि तो पोकळ होता, हे तिथे फक्त दोघींना ठाऊक होतं. मला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मोठ्या बाईंना.

जेवायला पनीर होतं, गुलाबजाम होते. मुलं जेवली. मी ताट घेऊन नुसती फिरले. मोठ्या बाईंनी ताकाचा एक पेला घेतला आणि गोळी घेतली.

परतीला भाड्याची जीप होती. मोठ्या बाई पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागे. जीप हायवे सोडून भाईंदरकडे वळली. मग वेण्यांवाली माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, पण तिची कुजबूज म्हणजे अख्ख्या जीपला ऐकू जाणारी. ‘‘बाई, पाठ बिघडला ना? आता खोली न्हाय ना उघडणार?’’

पुढच्या सीटवरचा अंबाडा जरासा हलला. मी म्हटलं, ‘‘बघू.’’ इतकं कुचकामी उत्तर मी विद्यार्थ्याला क्वचितच दिलं असेल. ती खिडकीकडे वळली आणि मिठागरं येईपर्यंत नाक ओढत राहिली. पिशवीतलं परिषदेचं नवं पेन मी तिला देऊ केलं. तिने घेतलं नाही.

घरी पोचले तर भाभी दारातच. ‘‘कैसा हुआ टीचर? गणपतिबापा पसंद आए?’’ त्यांच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की मी म्हटलं, ‘‘सबसे ज्यादा तालियाँ उन्हीं को मिलीं.’’ आणि ते खोटं नव्हतं.

सोमवारी मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर बोलावणं पाठवलं. मी रविवारभर तयारी केली होती. मेमो मिळाला तर काय बोलायचं, हेसुद्धा मी पाठ केलं होतं. तीन वर्षं यंत्रं कुजवल्याबद्दल, मुलांच्या भविष्याबद्दल, सगळं मुद्देसूद. स्टाफरूममधल्या बाया मला दारापर्यंत सोडायला आल्या.

‘‘बसा,’’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘‘त्या मुलीला तुम्ही शब्द दिला होतात?’’

‘‘हो.’’

‘‘कोणाला विचारून?’’

मी माझा पहिला मुद्दा काढला. ‘‘बाई, तीन वर्षं ती खोली…’’

‘‘तीन वर्षं,’’ त्यांनी ड्रॉवर ओढला आणि किल्ली टेबलावर ठेवली, ‘‘ही इथे आहे. तुम्ही किती वेळा मागितलीत?’’

मुद्दे भराभर आठवून पाहिले. एकातही याचं उत्तर नव्हतं. तीन वर्षं मी त्या कुलपावर डबे संपवले होते, नकला केल्या होत्या, टाळ्या घेतल्या होत्या. आणि एकदाही, एकदाही, या दारात येऊन ‘किल्ली द्या’ म्हटलं नव्हतं.

‘‘तुम्ही माझ्या नकला करता, तेही मला ठाऊक आहे,’’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘‘चांगली करता म्हणतात. पण किल्ली कोणीच मागितली नाही हो. मी कुणाला आपणहून देऊ? मला ते सुरूसुद्धा करता येत नाही. उद्या मुलांसमोर बिघडलं, तर मी काय करणार? तुम्हाला येतं, तर तुम्ही मागाल, असं मी धरून चालले होते. तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे.’’

खिडकीबाहेर मैदानावर पीटीची शिट्टी वाजत होती. आणि मग मीही खरं बोलले, कारण एक आठवीची पोरगी परवा माइकवर खरं बोलली होती आणि मला तेवढंही जमू नये याचा राग आला.

‘‘बाई, मलाही नाही येत सुरू करता. मी नुसतं पाठ केलं होतं. किल्ली मागितली असती आणि तुम्ही दिली असती, तर? अठ्ठेचाळीस पोरांसमोर मी काय केलं असतं?’’

मोठ्या बाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय, तर त्या हसत होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ‘‘ते आम्ल बाहेर आल्यास,’’ त्या डोळे टिपत म्हणाल्या, ‘‘जळजळ होते म्हणे.’’

मधल्या सुट्टीत मी पाचजणांना बोलावलं. त्यांनी उंबरठ्याशी चपला काढल्या आणि सवयीने हात जोडले. मी म्हटलं, ‘‘पुरे झालं, चला आत.’’ कोणी हलेना. शेवटी वेण्यांवालीने एक पाय आत टाकला, काही झालं नाही हे पाहिलं आणि दुसरा टाकला. गुलाबी झबलं मी काढलं. दसऱ्याची सुकलेली माळ काढली. पाठ केलेलं सगळं आठवून डब्याचं मोठं बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. वीस वर्षांत मुलांसमोर मी कधी असं तोंड घेऊन उभी राहिले नव्हते. ‘‘मला येत नाहीये,’’ मी म्हणाले. चौघांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. वेण्यांवाली मात्र टेबलाखाली शिरली होती. तिथून आवाज आला, ‘‘बाई, पिन काडून ठेवलीये!’’ शिपाईकाकांनी तीन वर्षांपूर्वी, बिघडू नये म्हणून.

तिने पिन लावली. डब्यातून घरघर आली, पडदा काळा, मग निळा झाला. पोरं ओरडली. मी मागे वळून पाहिलं तर मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. उंबरठ्याच्या बाहेर, चपला काढून, हात नकळत जोडलेले.

‘‘मोठ्या बाई, आत या ना,’’ वेण्यांवाली म्हणाली. ‘‘काय न्हाय होत.’’

मग नंबर लावले. आधी पिन लावणारी, मग बाकीचे चौघं, सहाव्या मोठ्या बाई आणि सातवी मी. सहाव्या नंबरला मोठ्या बाई स्टुलावर बसल्या, वेण्यांवालीने त्यांच्या हातावर हात ठेवून माउस सरकवून दाखवला, आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत.